स्वर्गाच्या वर पुन्हा पृथ्वी

जैन भूगोलात ४५ लक्ष योजने हे माप दोन लक्षणीय ठिकाणी येते, आणि या दोन ठिकाणांमध्ये साऱ्या स्वर्गांचे अंतर आहे. पहिले ठिकाण म्हणजे मनुष्यक्षेत्र, ज्याला परंपरेने अडीच द्वीप म्हटले जाते. दुसरे ठिकाण म्हणजे लोकाच्या अग्रभागी असलेली सिद्धशिला. खालच्या मापाचा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. मध्यभागी जंबूद्वीप, व्यास १ लक्ष योजने. त्याभोवती कड्यासारखा लवणसमुद्र, रुंदी २ लक्ष. मग धातकीखंड ४ लक्ष, कालोद समुद्र ८ लक्ष, आणि त्यापलीकडे पुष्करवर द्वीपाचा अलीकडचा अर्धा भाग, रुंदी पुन्हा ८ लक्ष. एका बाजूची बेरीज २२ लक्ष, दोन्ही बाजू मिळून ४४ लक्ष. त्यांत जंबूद्वीपाचे १ लक्ष मिळवले की ४५ लक्ष होतात. येथे मानुषोत्तर पर्वत उभा आहे आणि त्यापलीकडे मनुष्याची वस्ती नाही.

वरच्या सिद्धशिलेला हेच माप का असावे? शास्त्रांनी दिलेले उत्तर साधे आहे. कर्मांतून मुक्त झालेला जीव तिरपा जात नाही, वळत नाही. ज्या जागी देह सुटला त्या जागेच्या नेमक्या वर, सरळ रेषेत, लोकाग्री जाऊन स्थिरावतो. मुक्ती फक्त मनुष्यक्षेत्रातून मिळते. म्हणून मुक्तांचे क्षेत्र मनुष्यक्षेत्राएवढे. त्याहून तसूभर अधिक नाही आणि उणेही नाही. जणू वर धरलेले छत्र खालच्या माणसाच्या मापानेच शिवलेले आहे.

या सिद्धशिलेचे शास्त्रीय नाव ईषत्प्राग्भारा. रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंतच्या सात पृथ्वी खाली आहेत आणि ही आठवी पृथ्वी वर आहे. देवांच्या निवासांना विमाने म्हणतात. पृथ्वी हे नाव त्यांना दिलेले नाही. म्हणजे सात पृथ्वींच्या वर स्वर्ग आणि स्वर्गाच्याही वर पुन्हा पृथ्वी, अशी ही रचना आहे. स्वर्ग आणि पृथ्वी यांच्या नात्याविषयी जगातील अनेक संस्कृतींनी विचार केला. पण स्वर्गाला असे दोन पृथ्वींच्या मधले स्थान देणारा विचार विरळाच.

उंचीचा अर्थ

मनुष्याने आपल्या डोक्यावरचे आकाश आणि पायाखालची जमीन यांचे नाते कधी कुटुंबाच्या रूपात पाहिले, तर कधी राज्याच्या. ऋग्वेदात द्यौ हा पिता आणि पृथ्वी ही माता. द्यावापृथिवी ही एकत्र आवाहनाची जोडी आहे. चीनमध्ये आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी अशी कल्पना होती. बीजिंग येथे १४२० मध्ये उभारलेल्या स्वर्गमंदिराच्या आवारात वर्तुळ आणि चौरस या दोन आकृती त्याच कल्पनेतून आल्या आहेत. वर्षातील सर्वांत लहान दिवशी सम्राट तेथे स्वतः जाऊन आकाशाला बळी अर्पण करीत असे, कारण त्याचा राज्याधिकार आकाशाने दिलेला मानला जाई. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीत दान्तेने रचलेल्या महाकाव्यात पृथ्वी मध्यभागी आहे, तिच्याभोवती नऊ स्वर्ग आहेत आणि त्यांच्यापलीकडे ईश्वराचे धाम. तेथे जो जितका वर, तो ईश्वराच्या तितका निकट.

जैन लोकरचनेतही उंचीला महत्त्व आहे. १४ रज्जू उंचीच्या लोकाची आकृती कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून उभ्या असलेल्या पुरुषासारखी मानली जाते. पायांच्या भागात नरकभूमी, कमरेशी मध्यलोक, छातीच्या भागात कल्पवासी देवांचे स्वर्ग. श्वेतांबर परंपरा हे कल्प १२ मानते, तर दिगंबर परंपरा १६. त्यांच्या वर, ग्रीवेच्या म्हणजे मानेच्या जागी असल्याने ज्यांना ग्रैवेयक हे नाव मिळाले ती ९ विमाने, आणि आणखी वर अनुत्तर विमाने. जसजसे वर जावे तसतसे आयुष्य वाढते, तेज वाढते, वासना मात्र मंदावत जातात. सर्वार्थसिद्धी विमानातील देवाचे आयुष्य ३३ सागरोपम.

येथवर हा जिना इतर संस्कृतींतील जिन्यासारखाच दिसतो. फरक शेवटच्या पायरीवर आहे. सर्वार्थसिद्धीतून सिद्धशिला अगदी जवळ, १२ योजनांवर. पण तेथून वर जाण्याची वाट नाही. त्या देवालाही आधी खाली, मनुष्यजन्मात यावे लागते आणि तेथून सिद्धशिलेकडे जावे लागते. जवळचे ते जवळ नाही आणि दूरचे ते दूर नाही, हे या नकाशाचे मर्म आहे.

मुदतीची ठेव

याचे कारण स्वर्गाच्या स्वरूपात आहे. स्वर्ग हे पुण्याचे फळ, आणि फळ भोगून संपते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर देवगती ही मुदतीची ठेव आहे. मुदत फार मोठी, व्याजही भरघोस. परंतु खात्यातून रोज खर्चच होतो, नवी भर अत्यल्प पडते. आयुष्याचे सहा महिने उरले की देवाच्या गळ्यातील माळ कोमेजू लागते असे वर्णन ग्रंथांतून येते. त्या वेळी त्याला होणारे दुःख नरकाच्या वेदनेची आठवण करून देणारे असते, कारण जे सोडायचे ते सर्व त्याला अतिशय प्रिय असते.

देवाला ज्ञान नाही असे नाही. त्याला जन्मतः अवधिज्ञान असते आणि सम्यग्दर्शनही प्राप्त होऊ शकते. पण व्रत घेता येत नाही. गुणस्थानांच्या १४ पायऱ्यांपैकी देव चौथ्या पायरीपुढे जात नाही. पंचेंद्रिय पशू मात्र पाचव्या पायरीपर्यंत, म्हणजे अंशतः व्रत पाळण्यापर्यंत पोहोचू शकतो. श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिक सर्प महावीरांचे शब्द ऐकून शांत झाला आणि अंगाला मुंग्यांनी पोखरले तरी हलला नाही. दिगंबर परंपरेत खुद्द महावीरांच्या जीवाने पूर्वीच्या सिंहाच्या भवात चारण मुनींच्या उपदेशाने व्रते स्वीकारली. साधनेच्या मोजपट्टीवर तो सर्प आणि तो सिंह त्या क्षणी इंद्राहून वरच्या पायरीवर होते. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही आहे आणि सोडण्याची शक्तीही आहे, त्यालाच त्याग शक्य होतो. देवाजवळ पहिले विपुल आहे, दुसरे नाही.

म्हणूनच स्थानांग सूत्रात देव ज्या तीन गोष्टींची अभिलाषा धरतात त्यांत मनुष्यभवाचा उल्लेख पहिला आहे. आर्य क्षेत्रातील जन्म आणि उत्तम कुळ हे त्यानंतर. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेतही हा विचार परका नाही. स्वर्गातील अमरांना मृत्युलोकी जन्म हवासा वाटतो, असे तुकोबांनी एका अभंगात म्हटले आहे. वाट वेगळी, उपास्य वेगळे. पण भूमीची किंमत दोघांनी सारखीच केली.

देवांनी भरलेली, तरीही अपुरी सभा

महावीरांच्या केवलज्ञानानंतरची पहिली सभा या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. श्वेतांबर परंपरेनुसार ऋजुवालिका नदीच्या तीरी केवलज्ञान झाल्यावर देवांनी समवसरण रचले. पण त्या पहिल्या देशनेत एकाही श्रोत्याने व्रत स्वीकारले नाही, कारण तेथे देवच होते. तीर्थंकराची देशना फळाविना राहणे हे इतके असाधारण की या घटनेची गणना दहा आश्चर्यांत झाली. पुढे मध्यमा पावा येथे इंद्रभूती गौतम आणि त्यांच्याबरोबरचे दहा विद्वान ब्राह्मण आले, शंका घेऊन आले, आणि दीक्षित होऊन गणधर झाले. तेव्हा तीर्थ स्थापन झाले.

दिगंबर परंपरा हीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगते. समवसरण सिद्ध झाले, देव जमले, पण ६६ दिवस दिव्यध्वनी प्रकट झाला नाही. ती वाणी धारण करू शकेल असा गणधर तेथे नव्हता. अखेर इंद्रभूती गौतमांना तेथे आणले गेले आणि राजगृहाच्या विपुलाचलावर वाणी उमटली.

तपशिलात दोन्ही परंपरा भिन्न आहेत. तात्पर्य मात्र एकच आहे: सारा स्वर्ग सभेत येऊन बसला तरी धर्मतीर्थ सुरू होत नाही, त्यासाठी पृथ्वीवरचा एक प्रामाणिक प्रश्नकर्ता पुरतो.

वैभवाची स्पर्धा

दशार्णभद्र राजाची कथा अनेक घरांत पर्युषणात ऐकली जाते. भगवान महावीर आपल्या नगराजवळ आले आहेत हे कळताच दशार्णभद्राने ठरवले की आजवर कोणी केले नसेल अशा थाटाने वंदनाला जायचे. रस्ते सजले, हत्ती-घोडे-रथ निघाले. भक्ती खरी होती. पण तिच्या आड अभिमान उभा होता. इंद्राने ते ओळखले आणि तोही वंदनाला निघाला. त्याच्या ऐरावताला अनेक दात, प्रत्येक दातावर सरोवरे, सरोवरांत कमळे आणि कमळाच्या पाकळीपाकळीवर नाट्य चाललेले. ते दृश्य पाहताच राजाची मिरवणूक त्याला स्वतःलाच खुजी वाटू लागली.

साधा माणूस येथे खचला असता किंवा संतापला असता. दशार्णभद्राने विचार केला की ज्या मापाने मी स्वतःला मोजत होतो ते मापच खोटे आहे. त्याने तेथल्या तेथे राज्याचा त्याग करून दीक्षा घेतली. मग इंद्र हत्तीवरून उतरला आणि त्याने नव्या मुनीला वंदन केले. ऐरावत निर्माण करणे त्याच्या हातात होते. दीक्षा घेणे नव्हते.

ही कथा पुराणकाळात ठेवून देण्याजोगी नाही. लग्नातला मंडप, वरघोड्याची लांबी, तपाच्या पारण्याचे जेवण, दानाच्या फलकावरील अक्षरांची उंची, अशा किती तरी ठिकाणी आज स्पर्धा वैभवाची चालते. त्या स्पर्धेत कोणी ना कोणी इंद्र नेहमीच पुढे असणार. ज्या पटावर माणूस इंद्राला हरवू शकतो तो पट वेगळा आहे, आणि त्यावर उतरायला फारसा खर्च लागत नाही.

दगडात आणि कापडावर

कलावंतांनी हा विचार किती सूक्ष्मपणे ओळखला होता हे पाहण्यासाठी वेरूळला जावे. क्रमांक ३० ते ३४ ही तेथील जैन लेणी साधारण नवव्या-दहाव्या शतकांतील. त्यांतील ३२ क्रमांकाच्या लेण्याला लोक इंद्रसभा म्हणतात. हत्तीवर बसलेला यक्ष आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका यांना पाहणाऱ्यांनी इंद्र आणि इंद्राणी समजले, आणि तेच नाव रूढ झाले. नाव स्वर्गाचे पडले. पण गाभाऱ्यात बसलेले आहेत ते महावीर. दागिने, वाहने, फळांनी लगडलेल्या फांद्या हे सर्व बाहेर; आत एक निश्चल मानवी देह, अंगावर काही नसलेला. त्याच लेणीसमूहात बाहुबलीही पुन्हा पुन्हा कोरलेले दिसतात. त्यांच्या हातापायांवर वेली चढल्या आहेत. इतका काळ स्थिर राहिलेल्या माणसाला जमिनीने आपलाच एक भाग समजावे, असे ते शिल्प आहे.

नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात नीलांजनेचा प्रसंग येतो. ऋषभदेवांच्या सभेत इंद्राने धाडलेली अप्सरा नृत्य करता करता आयुष्य संपून नाहीशी झाली. रसभंग नको म्हणून इंद्राने त्याच क्षणी तशीच दुसरी अप्सरा उभी केली. सभेला काही कळले नाही. ऋषभदेवांना कळले, आणि तेथून त्यांचा वैराग्याचा मार्ग सुरू झाला. मथुरेच्या कंकाली टिळ्यातून मिळालेल्या आणि आता लखनौच्या संग्रहालयात असलेल्या एका प्राचीन शिलापटावर अभ्यासकांनी हाच प्रसंग ओळखला आहे. स्वर्गाची कला क्षणभंगुरता झाकण्यात निपुण आहे. ती पाहू शकणारी दृष्टी मनुष्याची.

गुजरात-राजस्थानात पंधराव्या शतकापासून रंगवले गेलेले अडीच द्वीपाचे कापडी पट देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. मध्यभागी मेरू, त्याभोवती क्षेत्रे आणि पर्वत, निळ्या कड्यांत पोहणारे मासे. लोकपुरुषाच्या चित्रात मध्यलोक ही कमरेशी असलेली एक लहानशी चकती. पण स्वतंत्र मोठा पट करायची वेळ आली तेव्हा चित्रकारांनी हीच चकती वारंवार निवडली. अजमेरच्या सोनीजींच्या नसियाँमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली अयोध्या आहे आणि छतापासून देवांची विमाने लोंबत आहेत. तेथेही नगरी जमिनीवर उभी आहे आणि देव तिच्याकडे निघाले आहेत. हस्तिनापूरला ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने उभारलेल्या जंबूद्वीपात १०१ फूट उंचीचा सुमेरू आहे. यात्रेकरू त्यावर चढतात, वरून सारे क्षेत्र पाहतात आणि पुन्हा खाली उतरतात.

मापांचे काय करावे

शाळेत जाणारे मूल येथे प्रश्न विचारते. पृथ्वी गोल आहे, तिचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. मग लक्ष योजनांचे जंबूद्वीप कोठे आहे? काही आचार्य शास्त्रातील वर्णन शब्दशः मानतात, काही अभ्यासक त्याकडे आत्म्याच्या प्रवासाचा नकाशा म्हणून पाहतात. पण मुलाचा प्रश्न दडपून टाकणे हे दोन्ही भूमिकांना शोभणारे नाही. गौतमस्वामींचे स्थान प्रश्नांमुळेच आहे.

शिवाय या मापांत बुद्धीची शिस्तही दिसते. भरत क्षेत्राची रुंदी ५२६ पूर्णांक ६/१९ योजने सांगितली आहे. हा आकडा विचित्र वाटतो. पण जंबूद्वीपाचे १९० भाग कल्पून, भरतापासून विदेहापर्यंत प्रत्येक पुढचा पट्टा दुप्पट आणि तेथून पुढे निम्मा निम्मा, अशी मांडणी केली की १ लक्ष भागिले १९० हे उत्तर तंतोतंत येते. जंबूद्वीपाचा परीघ ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये आणि साडेतेरा अंगुळांहून किंचित अधिक दिला आहे. तो व्यासाला दहाच्या वर्गमुळाने गुणून काढलेला आहे. आजच्या गणिताने हे गुणोत्तर थोडे मोठे ठरते. पण अंगुळापर्यंत हिशेब पोहोचवण्याची चिकाटी मुलाला दाखवण्यासारखी आहे. आंधळा अभिमान आणि आंधळी लाज या दोहोंपेक्षा हा मार्ग बरा.

पायाखालची सजीव भूमी

मनुष्यभूमीला एवढे मोल दिल्यावर तिच्याशी वागायचे कसे, हेही शास्त्रांनी सांगितले. आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात सहा जीवनिकायांपैकी पहिला विचार पृथ्वीकाय जीवांचा आहे. माती, दगड, मीठ, खनिजे ही आपल्या मूळ अवस्थेत जीवांचीच शरीरे आहेत. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत, म्हणजे निषिद्ध व्यवसायांत, जंगलतोड आहे, भूमी फोडण्याचे काम आहे, आणि सरोवरे व तळी आटवणे हेही आहे. व्यापार हीच ज्यांची परंपरा, त्या समाजासाठी ही यादी केलेली होती, हे विशेष. ज्या काळी तळी आटवून इमारती उभ्या राहतात आणि डोंगर खडीसाठी फोडले जातात, त्या काळी ही यादी केवळ प्रतिक्रमणात उच्चारण्यापुरती ठेवणे कितपत योग्य, हा प्रश्न प्रत्येक व्यावसायिक कुटुंबाने स्वतःला विचारावा. स्वर्गप्राप्तीसाठी दान करणारा हात पृथ्वीचे मोल विसरला, तर हिशेबाची एक बाजू कोरीच राहते.

दुःखद वार्ता देताना मराठीत ‘स्वर्गवासी’ लिहिण्याची रीत आहे. आपल्या अनेक घरांत त्याऐवजी ‘अरिहंतशरण’ लिहितात. हा शब्दाचा किरकोळ भेद नाही. पहिला शब्द मुक्काम सांगतो, दुसरा दिशा सांगतो. आणि जाणाऱ्याच्या मागे दिशाच उपयोगी पडते.

देरासरात पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढणाऱ्या आजीला हा सारा विचार कोणी शिकवावा लागत नाही. चार पाकळ्या चार गतींच्या, वर तीन ढिगल्या दर्शन, ज्ञान आणि चारित्र्याच्या, त्यांच्याही वर अर्धचंद्र आणि बिंदू. त्या चार पाकळ्यांत देवगतीची पाकळी इतर तिन्हींएवढीच असते. ती ना मोठी काढतात, ना वर काढतात. अर्धचंद्राकडे जाणारी वाट त्या तीन ढिगल्यांवरून जाते, आणि त्या ढिगल्या भरण्याचे काम, अडीच द्वीपांच्या या भूमीवर, आजच्या दिवसात करावयाचे आहे.